'डिबगणे', 'गुगलणे' आणि 'करणे'चा टेकू

प्रश्न असा आहे: "आम्ही सॉफ्टवेअर क्षेत्रातली माणसे आपापसांत 'डिबगणे', 'गुगलणे', 'हँगणे', 'कमिटणे' अशी क्रियापदे सर्रास वापरतो. ही मराठी म्हणून चालतील, की 'डिबग करणे' हेच शुद्ध मानावे? शिवाय भूतकाळी 'डिबगले' लिहावे की 'डिबगवले'?"

आधी थोडक्यात उत्तर देतो. 'गुगलणे' रुळलेले आहे, 'डिबगणे' (प्रोग्रॅममधली चूक शोधून दुरुस्त करणे) व्याकरणाच्या सगळ्या कसोट्यांना उतरते, 'हँगणे' बोलण्यात शोभते आणि 'कमिटणे' (कोडमधले बदल पक्के नोंदवणे) मला स्वतःला पसंत नाही. 'डिबगले' हेच बरोबर. 'डिबगवले' म्हटले की अर्थ बदलतो. माझे पोट प्रोग्रॅमिंगवर चालते आणि व्याकरणाचे वाचन मी हौसेने करतो, तेव्हा पुढच्या विवेचनात दोन्हीकडचे पूर्वग्रह आले तर ते सांभाळून घ्यावेत.

नामाला किंवा विशेषणाला सरळ 'णे' जोडून, किंवा मध्ये 'आव', 'आळ', 'आड' असा एखादा प्रत्यय घालून, क्रियापद तयार करण्याची मराठीची रीत फार जुनी आहे. अशा क्रियापदाच्या मुळाला व्याकरणात नामधातू म्हणतात. हातावरून हाताळणे, लाथेवरून लाथाडणे, पाण्यावरून पाणावणे आणि डोक्यावरून डोकावणे ही त्याची घरची उदाहरणे झाली. परंतु बाहेरून आलेल्या शब्दांनाही भाषेने हाच न्याय लावला आहे. अरबी-फारसीतून आलेल्या 'खर्च', 'बदल', 'शरम', 'नरम', 'सुस्त' या शब्दांपासून खर्चणे, बदलणे, शरमणे, नरमणे, सुस्तावणे ही क्रियापदे झाली आणि 'फर्मावणे', 'आजमावणे' यांच्या मुळाशी तर फारसी धातूच आहेत. आज 'मी माझा बेत बदलला' हे वाक्य लिहिताना आपण परकी सामग्री वापरत आहोत, अशी शंकाही कोणाच्या मनात येत नाही. तेव्हा 'डिबगणे' हे इंग्रजीचे आक्रमण आहे, हा आक्षेप मला उलटा वाटतो. 'डिबग करणे' या रूपात 'डिबग' हा शब्द जसाच्या तसा, एकही विकार न स्वीकारता उभा असतो. काळ, लिंग, वचन, पुरुष यांचा सगळा भार 'करणे' वाहते. 'डिबगणे' म्हटल्यावर मात्र त्याच शब्दाला मराठीचे सगळे कायदे पाळावे लागतात. भाषेच्या शुद्धतेची काळजी असणाऱ्यांनी खरे तर पहिल्या रूपाबद्दल अधिक कुरकुर करायला हवी.

ज्या काळात खर्चणे आणि बदलणे रूढ झाले, त्याच काळात आलेले मंजूर, रद्द, हजर, माफ, सुरू हे शब्द मात्र अजूनही 'करणे' किंवा 'होणे' यांच्या टेकूवरच आहेत. 'मंजुरणे' किंवा 'रद्दणे' कोणी म्हणत नाही, आणि शतके लोटली म्हणून पुढे म्हणेल असेही नाही. माझ्या मते याचे कारण त्या जोडीच्या उपयोगात आहे. हे शब्द एखादी स्थिती सांगतात, आणि ती स्थिती कोणी आणली हे सांगायचे असेल तेव्हा 'रद्द केले', सांगायचे नसेल तेव्हा 'रद्द झाले', अशी सोय मिळते. कारभाराच्या भाषेला ही सोय सोडवत नाही.

आमच्या कामात या सोयीचे मोल फारच जाणवते. 'डिप्लॉय' (नवी आवृत्ती वापरात आणणे), 'कंपाइल' (कोडला यंत्राला चालेल असे रूप देणे), 'डिलीट', 'अपडेट' हे शब्द 'करणे-होणे' या जोडीला घट्ट चिकटून राहिले आहेत ते उगीच नव्हे. नवी आवृत्ती विनातक्रार सुरू झाली की दुसऱ्या दिवशीच्या बैठकीत "आम्ही रात्री डिप्लॉय केले" असे वाक्य ऐकू येते. तीच आवृत्ती चालू डेटाबेसमधले एखादे टेबल घेऊन बुडाली की "टेबल डिलीट झाले" असे सांगितले जाते, जणू ते आपल्या मर्जीने गेले. 'डिलीटणे' हे रूप रूढ का होत नाही, याचे उच्चाराइतकेच हेही एक कारण असावे: 'डिलीटले' म्हटल्याबरोबर "कोणी?" हा प्रश्न दारात उभा राहतो.

'डिबग'च्या बाबतीत अशा आडोशाची गरज पडत नाही, कारण ते काम आपोआप होत नाही. "बग आपोआप डिबग झाला" असे वाक्य मी अजून गांभीर्याने उच्चारलेले ऐकलेले नाही. कोणीतरी बसून, लॉग म्हणजे प्रोग्रॅमने केलेल्या नोंदी वाचून, मध्ये मध्ये छापील खुणा पेरून, व्हेरिएबलची किंमत कोणत्या ओळीवर बदलली याचा माग काढावा लागतो. कर्ता हजर असलेली, कर्म असलेली आणि रोज करावी लागणारी अशी ही क्रिया आहे, आणि अशाच क्रिया नामधातूकडे लवकर वळतात. 'दोषनिवारण' हा पर्याय सुचवला जातो खरा, पण त्यात निवारणावर भर आहे. प्रत्यक्षात वेळ जातो तो शोधण्यात, आणि सापडल्यानंतरची दुरुस्ती पुष्कळदा एका ओळीची असते. 'तपासणे' फार सर्वसाधारण आहे, 'माग काढणे' जवळचे आहे. पण 'डिबगणे' ऐकल्यावर जो नेमका उद्योग डोळ्यांपुढे येतो, तो या दोहोंनी येत नाही.

मूळ इंग्रजी शब्दाचीही घडण अशीच आहे. यंत्रातल्या खोडीला 'बग' म्हणण्याची पद्धत संगणकाच्या बरीच आधीची असून १८७८ मध्ये एडिसनने आपल्या पत्रात तो शब्द त्याच अर्थाने वापरला आहे. हार्वर्डच्या मार्क टू या संगणकाच्या रिलेमध्ये (विजेवर चालणाऱ्या स्विचमध्ये) १९४७ साली एक पतंग सापडला आणि तंत्रज्ञांनी तो नोंदवहीत चिकटवून ठेवला, ही हकिगत आमच्या व्यवसायात शब्दाची जन्मकथा म्हणून सांगितली जाते. पण त्या नोंदीतच 'खराखुरा बग सापडल्याची पहिली घटना' असा विनोद आहे, आणि शब्द आधीपासून प्रचारात असल्याशिवाय तो विनोद जमलाच नसता. 'बग'ला उपसर्ग लावून इंग्रजीने क्रियापद केले, तसे आपण प्रत्यय लावून करतो.

आता रूपांकडे वळू. एखादे उसने क्रियापद मराठीत मुरले की नाही, हे पाहण्यासाठी मी त्याची सगळी रूपे मोठ्याने म्हणून पाहतो. मी डिबगतो, ती डिबगते, डिबगून झाले, डिबगायला बसलो, डिबगणारा कंटाळला, डिबगल्याशिवाय सोडू नकोस: कुठेही जीभ अडत नाही. भूतकाळी सकर्मक क्रियापदाप्रमाणे कर्मणी प्रयोग होऊन कर्माचे लिंग-वचन येते, म्हणून 'मी मॉड्यूल डिबगले', 'तिने फाइल डिबगली', 'त्यांनी सगळे टप्पे डिबगले' अशी वाक्ये होतात. प्रश्नातले 'डिबगवले' हे प्रयोजक रूप आहे: 'मी ते नव्या मुलाकडून डिबगवले', म्हणजे काम त्याने केले आणि मी करवून घेतले. संघप्रमुखांच्या तोंडी हे रूप अधिक शोभेल.

अकर्मक शब्दांत हा 'व' वेगळे काम करतो. 'रंगणे' आणि 'रंगवणे', 'बसणे' आणि 'बसवणे' यांच्याप्रमाणे 'सर्व्हर क्रॅशला' आणि 'तुझ्या बदलाने सर्व्हर क्रॅशवला' असा भेद करता येतो. 'हँगणे'ही याच जातीचे. मात्र येथे उसनवारीची फारशी निकड नाही, कारण बिघाडासाठी आपल्याकडे शब्दांची ददात मुळीच नाही. सर्व्हर झोपतो, बसतो, मान टाकतो, बिल्ड बोंबलते, कोड गंडतो. 'गंडणे' या एका क्रियापदात जितका अचूक वैताग भरला आहे, तितका 'फेल होणे'मध्ये सात जन्मांत येणार नाही.

आणखी एक रूप मला पुराव्यादाखल फार महत्त्वाचे वाटते. मराठीत 'आता चालवत नाही', 'हे बघवत नाही' अशी शक्यार्थी रचना आहे. तिच्यात क्रिया करण्याचे बळ किंवा मन उरलेले नाही असा अर्थ असतो आणि कर्ता 'मला', 'त्याला' असा येतो. संध्याकाळी सातनंतर एखादा सहकारी स्क्रीनपासून खुर्ची मागे ढकलून "आता मला डिबगवत नाही" असे म्हणतो, तेव्हा त्या इंग्रजी शब्दाने मराठीच्या अगदी आतल्या, इंग्रजीत थेट प्रतिरूप नसलेल्या रचनेत जागा मिळवलेली असते. त्यानंतर त्याला परका म्हणण्यात अर्थ उरत नाही.

याचा अर्थ कोणत्याही शब्दाला 'णे' चिकटवावा असा नव्हे. पहिली अट उच्चाराची. मराठीत स्वरान्त धातू आहेत, पण खा, जा, ये, दे, पी, धू असे ते जवळजवळ सगळे एकाक्षरी आहेत. त्यामुळे 'कॉपी', 'डेमो' यांच्यापुढे 'णे' बसत नाही आणि 'कॉपी करणे' तसेच राहते. शेवटी जड जोडाक्षर असले तरी पंचाईत होते: 'स्क्रिप्टले' म्हणून पाहावे. दुसरी अट गोंधळ न होण्याची. 'पुश' (आपला कोड सामायिक साठ्यात पाठवणे) यापासून 'पुशणे' केले तर ते 'पुसणे'च्या इतके शेजारी जाते की घाईत "मी कोड पुशला" हे "मी कोड पुसला" असे ऐकू येईल, आणि या दोन वाक्यांच्या परिणामांत केवढा फरक आहे हे सांगायला नको. तिसरी अट गरजेची. 'रनणे' कोणी म्हणत नाही, कारण 'चालवणे' हाताशी आहे. 'कमिटणे' मला खटकते तेही याच कारणाने: 'एक कमिट टाक' ही रचना आधीच प्रचारात असून ती अधिक ठसठशीत आहे. टेकू देणारे क्रियापद दर वेळी 'करणे'च असले पाहिजे असे नाही. 'मेल टाकणे', 'रिस्टार्ट मारणे' यांतले 'टाकणे' आणि 'मारणे' क्रियेची ढबही सांगतात. 'रिस्टार्ट मार' यात जो बेफिकीर झटका आहे, तो 'रिस्टार्ट कर' यात नाही.

आमच्या जमातीला आखूड रूपांचे वेड आहे, हेही मान्य केले पाहिजे. युनिक्स या संगणकप्रणालीत 'कॉपी'चे 'सीपी' आणि 'मूव्ह'चे 'एमव्ही' झाले, आणि फाइल तयार करण्याच्या आज्ञेत तर 'क्रिएट'च्या इंग्रजी स्पेलिंगमधले शेवटचे 'ई'सुद्धा गाळले गेले. युनिक्स पुन्हा लिहायचे झाले तर काय बदलाल असे विचारल्यावर, तेवढे एक 'ई' घालीन, असे युनिक्सच्या निर्मात्यांपैकी केन थॉम्प्सन यांनी म्हटल्याचे प्रसिद्ध आहे. अशा परंपरेत वाढलेल्या माणसाने 'डिबग केल्याशिवाय' ऐवजी 'डिबगल्याशिवाय' म्हटले तर त्यात नवल नाही. ही काटकसर नेहमीच चांगली असते असे मी म्हणत नाही. आखूड नावांच्या व्हेरिएबलांनी भरलेला जुना कोड वाचायची पाळी आली की तिचे तोटेही कळतात.

इतर भाषांनीही हाच घाट चढला आहे. 'गूगल'चा क्रियापद म्हणून वापर कंपनीच्या संस्थापकांपैकी लॅरी पेज यांनी स्वतः १९९८ मध्ये केला होता. २००६ मध्ये तो शब्द ऑक्सफर्डच्या इंग्रजी कोशात आला, आणि त्याच वर्षी कंपनीने, हे क्रियापद फक्त आमच्या शोधयंत्रापुरते वापरा, अशी विनंती लोकांना केली. लोकांनी ती अर्थातच मनावर घेतली नाही. जर्मन भाषेच्या दुडेन कोशात 'गूगेल्न' हे क्रियापद २००४ मध्ये दाखल झाले, आणि 'डाउनलोड'चे भूतकाळवाचक धातुसाधित करताना जर्मन प्रत्यय शब्दाच्या आरंभी लावायचा की मध्ये खुपसायचा, यावर तिथे आपल्या 'डिबगले-डिबगवले'सारखाच वाद होतो. जपानीत तर 'गुगुरु' असे क्रियापद करून त्याची सगळी रूपे जपानी नियमांनी चालवतात.

मराठीत नव्या कामासाठी जुना शब्द कामाला लावण्याचीही उत्तम उदाहरणे आहेत आणि ती विसरू नयेत. 'टंकलेखन'मधून सुटून आलेले 'टंकणे' हे 'टाइप करणे'पेक्षा सुटसुटीत आहे. मजकूर 'पेस्ट' करण्यासाठी काही जण 'डकवणे' वापरतात. कागद खळीने चिकटवण्याचा हा जुना शब्द पडद्यावरही चपखल बसतो. फाइल 'चढवणे' आणि 'उतरवून घेणे' हेही तसेच. यांच्याशी 'गुगलणे'चे वैर नाही. एकाच वाक्यात "गुगलून जे मिळाले ते इथे डकवतो" असे लिहिले, तर दोन्ही क्रियापदे सारख्याच सहजतेने वाचली जातात.

लेखनाविषयी एक बारीक सूचना. इंग्रजी उच्चारात 'डी' आणि 'गू' दीर्घ असले, तरी मराठी वळणाच्या क्रियापदांत फिरणे, शिकणे, पुसणे, उठणे असा ऱ्हस्व इकार-उकार दिसतो. म्हणून नाम 'डीबग', 'गूगल' असे लिहिणाऱ्यांनीही क्रियापद 'डिबगणे', 'गुगलणे' असे ऱ्हस्व लिहावे, असे माझे मत आहे. वापराच्या जागेबद्दल म्हणाल तर, सर्वसामान्य वापरकर्त्यासाठीच्या माहितीपुस्तिकेत मी 'डिबगणे' घालणार नाही. तिथे 'चूक शोधून दुरुस्त करणे' असे उलगडून लिहीन. तांत्रिक लेखात पहिल्यांदा 'डिबग करणे' येऊ द्यावे आणि पुढे 'डिबगणे' वापरावे. सहकाऱ्यांमधल्या पत्रव्यवहारात मात्र पहिल्या ओळीपासून 'डिबगणे' लिहायला हरकत नाही.