तलावातला गाळ शेतात टाकण्याआधी

प्रश्न : आमच्या पाझर तलावातला गाळ एक सेवाभावी संस्था शासकीय योजनेतून काढणार आहे. गाळ फुकट मिळेल का? अनुदान किती? माझी दोन एकर जमीन मुरमाड आहे, किती गाळ टाकावा?

उत्तर : ही 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' योजना. 2017 साली सुरू झाली, 2023 पासून नव्याने राबवली जाते. गाळ फुकट, वाहतूक तुमची. मशीन आणि डिझेलसाठी शासन संस्थेला घनमीटरमागे 31 रुपये देते. अल्प व अत्यल्पभूधारकांना (पाच एकरांपर्यंत जमीन असलेल्यांना) गाळ वाहून पसरण्यासाठी घनमीटरला 35.75 रुपये, एकरी 15,000 रुपयांपर्यंत, जास्तीत जास्त अडीच एकरांसाठी मिळतात. तुम्ही अल्पभूधारकांत बसत असाल, तर दोन एकरांना 30,000 रुपयांपर्यंत. विधवा, अपंग आणि आत्महत्याग्रस्त कुटुंबांतील शेतकऱ्यांना जमिनीची अट आडवी येत नाही.

एकरी 15,000 म्हणजे साधारण 420 घनमीटर, जवळपास 148 ब्रास (एक ब्रास म्हणजे 100 घनफूट). तेवढ्याने एकरभर चार इंचांचा थर बसतो. मुरमाड, उथळ जमिनीला तो मानवतो, ओल जास्त दिवस टिकते. पण शेजाऱ्याची जमीन भारी काळी असेल तर त्याने तुमचे पाहून गाळ टाकू नये. पावसाळ्यात पाणी साचून पिकाची मुळे कुजतील.

गाळ दिसायला काळाभोर असला म्हणून चांगलाच, असे धरून चालू नका. तलावात चार-पाच ठिकाणचा गाळ घ्या, एकत्र करून अर्धा किलो नमुना तपासायला द्या. सामू (pH, आम्ल-विम्लतेचे माप), क्षार आणि मुक्त चुना पाहा. चुनखडीचा गाळ एकदा शेतात पसरला की परत काढता येत नाही. आणि गाळ म्हणजे खत नव्हे, शेणखत घालावेच लागेल. एप्रिल-मेमध्ये पसरून उन्हात तापू द्या, मग नांगरा.

आता माझे कळकळीचे सांगणे. संस्था आली, मशीन लागले की गाव निर्धास्त होते. तसे होऊ देऊ नका. पैसे घनमीटरवर मिळतात, म्हणून मोजमाप गावाच्या डोळ्यांसमोर व्हायला हवे. ट्रॉलीची लांबी-रुंदी-उंची टेपने मोजा, खेपांची वही गावातल्या दोघांनी रोज लिहावी आणि संस्थेच्या नोंदीशी संध्याकाळीच ताडून घ्यावी. भरावाच्या पायथ्याशी खोदू देऊ नका, बांध धोक्यात येतो. वाळू काढायला ही योजना नाही. कोणी भरताना दिसला तर त्याच दिवशी तलाठ्याला कळवा.