मुलांचा खुबा मोडला तर: रोबोटबद्दल पालकांचे प्रश्न

नऊ वर्षांचा मुलगा ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवरून पडला. मांडीच्या हाडाची मान खुब्यात मोडली आहे. ऑपरेशनच्या रोबोटसाठी पुण्याला न्यावं का? (तासगाव)

फक्त रोबोटसाठी नको. मांडीच्या हाडाच्या वरच्या टोकाच्या गोळ्याला रक्त देणाऱ्या बारीक शिरा मानेला (गोळ्याखालच्या निमुळत्या भागाला) चिकटून वर जातात. हाड सरकलं की त्या ताणतात, पिळतात, कधी तुटतात आणि गोळा सुकायला लागतो. म्हणून हाड शक्यतो 24 तासांच्या आत जागेवर बसवतात. मुलांच्या हाडांचा सराव असलेला सर्जन, मुलांना भूल देणारा डॉक्टर आणि सी-आर्म (ऑपरेशन चालू असताना एक्स-रे दाखवणारं यंत्र) सांगली-मिरजेत मिळत असेल, तर तिथेच थांबा. नेताना दोन पायांमध्ये उशी ठेवून पाय एकत्र बांधा. चोळू नका, ओढू नका. खायला देऊ नका. शेवटचं कधी खाल्लं ते मात्र लक्षात ठेवा.

रोबोट नेमकं करतो काय? (कोरेगाव)

हाड बसवत नाही आणि ड्रिलही चालवत नाही. पाय ओढून, फिरवून हाड बसवायचं काम सर्जनचंच, आणि खरं कसब तिथेच लागतं. त्यानंतर कमरेच्या हाडाला ट्रॅकर (रोबोटला हाडाची जागा कळवणारी खूण) लावतात, सी-आर्मने समोरून आणि बाजूने चित्रं घेतात आणि स्क्रीनवर स्क्रूची वाट आखतात. रोबोटचा हात त्या वाटेवर एक नळी धरून ठेवतो. सर्जन नळीतून तार घालतो आणि तारेवरून पोकळ स्क्रू बसवतो. लहान मुलांत साधारण 4 ते 4.5 मिमीचे, मोठ्या मुलांत 6.5 मिमीचे, दोन किंवा तीन. तार पुन्हापुन्हा घालावी लागत नाही, त्यामुळे हाडाला छिद्रं कमी पडतात आणि एक्स-रेही कमी लागतात.

चूक कुठे होते? ट्रॅकर कमरेला आणि मोड मांडीत. चित्रं घेतल्यावर पाय जरा हलला, तरी आखलेली वाट चुकते. स्नायूंच्या दाबाने नळी वाकडी होते, हाडाच्या उतारावर तारेचं टोक घसरतं. म्हणून तार गेल्यावर सी-आर्म पुन्हा लावायलाच हवा. (गुडघे बदलण्याच्या जाहिरातीतला रोबोट बहुधा या कामाचा नसतो. विचारून घ्या.)

स्क्रू वाढीच्या चकतीतून गेला तर पाय आखूड राहील का? (विटा)

शक्यतो चकतीच्या (हाड जिथून वाढतं त्या कूर्चेच्या थराच्या) अलीकडेच थांबतात. पण मोड चकतीजवळ असेल तर चकतीतून जावं लागलं तरी आधी पकड घट्ट हवी. पायाच्या लांबीत या चकतीचा वाटा सुमारे 15 टक्के, बरीचशी वाढ गुडघ्याजवळ होते. सुकलेल्या गोळ्यापेक्षा थोडा आखूड पाय परवडला.

घरातल्या घरात घसरून खुबा मोडतो का? (सातारा)

मुलांत सहसा नाही. इतक्या किरकोळ पडण्याने मोडला, तर हाडात आधीच पोकळ गाठ आहे का ते बघायला सांगा.

मुलगी चालायला लागली, तरी डॉक्टर दोन वर्षं एक्स-रेला बोलावतात. का? (मिरज)

हाड जुळलं तरी गोळा काही महिन्यांनी सुकू शकतो. जांघेत किंवा नुसत्या गुडघ्यात दुखू लागलं, चाल लंगडी झाली, तर पुढच्या तारखेची वाट न बघता दाखवा.