'रिस्पेक्ट' हे गाणं मुळात अमेरिकी गायिका अरेथा फ्रँकलिनचंच आहे का?

नाही. ते अमेरिकी गायक ओटिस रेडिंगनं लिहिलं आणि १९६५ साली स्वतःच आधी गायलं. त्यात कमावून घरी येणारा पुरुष बायकोकडे थोडा मान मागतो. अरेथानं १९६७ मध्ये तेच गाणं बाईच्या तोंडी घातलं आणि सगळा अर्थच फिरला. आर-ई-एस-पी-ई-सी-टी अशी अक्षरं सुटी करून ठासून म्हणायची ती जागा तिच्या आवृत्तीतली. ओटिसच्या गाण्यात ती नाहीच. मागून 'सॉक इट टू मी'चा मारा करतात त्या तिच्या बहिणी, एर्मा आणि कॅरोलिन. मधला सॅक्सोफोन किंग कर्टिसचा, काय वाजवलाय! बिलबोर्डच्या, म्हणजे अमेरिकेतल्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत पहिल्या क्रमांकावर पोचलं ते अरेथाचंच. दोन्ही लागोपाठ ऐका, पण आधी ओटिसचं.