घराण्याचे कागद, फोटो आणि वंशावळ संगणकात कशी लावावी?

तुम्ही लिहिलंय की आजोबांच्या ट्रंकेतले फेरफार (जमिनीच्या हक्कबदलाच्या नोंदी), थोडे मोडी कागद, शंभरेक फोटो आणि चुलत्यांनी वहीत काढलेली वंशावळ असं सगळं जमलंय, एक्सेलमध्ये भरताना गुंता झालाय, तर कुठलं सॉफ्टवेअर घ्यावं. मीही एक्सेलनेच सुरुवात केली होती. दोनशे नावांनंतर हात टेकले.

कारण साधं आहे. आपल्याकडे आजोबांचं नाव नातवाला ठेवतात. आमच्यात विठ्ठल बाळकृष्ण आणि बाळकृष्ण विठ्ठल हे पाच पिढ्या आलटून पालटून येतात, वर चुलतघरातही एक विठ्ठल. मी दोन विठ्ठलांचा एक केला आणि पणजोबांचं लग्न त्यांच्याच चुलतीशी लावून दिलं. आत्याने कागद बघितला आणि आठवडाभर हसत होती.

आता ग्रँप्स (Gramps) हे वंशावळीचं सॉफ्टवेअर वापरते. मोफत आहे, विंडोजवर, मॅकवर, लिनक्सवर चालतं, आणि सगळी माहिती आपल्याच संगणकावर राहते. दिसायला रूक्ष आहे, पहिले चार दिवस वैताग येईल. पण प्रत्येक माणसाला स्वतंत्र क्रमांक मिळतो, त्यामुळे विठ्ठल किती का असेनात. नावं देवनागरीत लिहिता येतात. एकाच बाईची अनेक नावं ठेवता येतात, आणि हे मला सगळ्यात मोलाचं वाटतं. माझी पणजी माहेरी द्वारका, सासरी लक्ष्मी आणि घरात सगळ्यांची ‘माई’. फेरफारात लक्ष्मी, तिच्या भावाच्या पत्रात द्वारका. दोन वर्षं मी त्या दोन वेगळ्या बायका समजत होते. दत्तकाचीही सोय आहे: मुलाला जन्मदाते आणि दत्तक घेणारे असे दोन्ही आईबाप जोडता येतात. वहीतल्या वंशावळीत दत्तक गेलेला मुलगा बहुतेकदा नुसता गायब असतो.

गावांचं तसंच. आमचं गाव कणकवलीजवळ. जुन्या कागदांत जिल्हा रत्नागिरी, १९८१ नंतरच्या कागदांत सिंधुदुर्ग. ग्रँप्समध्ये गाव एकच ठेवून ते कधीपासून कुठल्या जिल्ह्यात हे तारखेसह लिहिता येतं. कुलाब्याचं रायगड झालेल्यांनाही हे लागेलच.

पण सॉफ्टवेअरपेक्षा सवय महत्त्वाची: आधी कागद नोंदवा, मग माणूस. प्रत्येक फेरफाराला, दाखल्याला ‘स्रोत’ म्हणून एकदा भरा आणि त्यातून निघालेली प्रत्येक गोष्ट त्याला जोडा. वारसनोंदीच्या फेरफारात मेलेल्याचं नाव, मुलं, विधवा असं सगळं एका परिच्छेदात सापडतं, त्यामुळे सुरुवात तिथूनच करा. तोंडी माहितीही स्रोतच. ‘आत्याने सांगितलं, अमुक तारखेला’ असं लिहा. दोन कागद भांडत असतील तर भांडू द्या. आमच्या खापरपणजोबांच्या मृत्यूची तीन वर्षं आहेत, तिन्ही ठेवलीत.

तारखा भरताना जपा. ग्रँप्सच्या दिनदर्शिकांत शालिवाहन शक नाही. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो, पण जानेवारी लागल्यापासूनच्या तिथींना ७९ मिळवावे लागतात. शके १८२१ चा माघ म्हणजे १९००, १८९९ नव्हे. म्हणून रूपांतर करून भरा, आणि कागदावरची मूळ तिथी टिपणात जशीच्या तशी उतरवा. मोडी कागदाचं तेच: स्कॅन, त्याखाली देवनागरी लिप्यंतर, आणि ते कुणी केलं. चुकीचं वाचन नंतर दुरुस्त करता येतं, पण मूळ चित्र हाताशी हवं.

आता फोटोंचं. ग्रँप्स फोटो आपल्या पोटात घेत नाही, फाइल कुठे आहे तेवढंच लक्षात ठेवतं. मी लॅपटॉप बदलला, फोल्डर दुसरीकडे हलवलं, आणि सगळ्या फोटोंच्या जागी रिकाम्या चौकटी. आता सगळे स्कॅन एकाच फोल्डरमध्ये ठेवते आणि महिन्यातून एकदा ग्रँप्सचं ‘पॅकेज’ काढते, ज्यात फोटोही येतात. एक प्रत बाहेरच्या डिस्कवर, एक पुण्याला भावाकडे. जेडकॉम (GEDCOM) नावाचा फाइलचा प्रकार दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये वंशावळ न्यायला ठीक, पण नेहमीच्या जेडकॉम फाइलमध्ये फोटो नसतात. तिला बॅकअप समजू नका. आणि नातेवाइकांकडून फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर मागवलेत तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायला सांगा, नाहीतर मागची शाईची अक्षरं पुसट होऊन येतात.

वंशावळ कुटुंबाच्या ग्रुपवर टाकण्याआधी निर्यात करताना हयात माणसं वगळण्याचा पर्याय निवडा. मी विसरले होते. एका चुलतबहिणीचं खरं जन्मवर्ष तिच्या सुनेला कळलं, आणि त्या दिवाळीला आमच्याकडे फराळाचा डबा आला नाही.