"आज भांग हाय" म्हणजे काय?

मे संपता संपता आम्ही चौघं आक्षीला, म्हणजे अलिबागच्या जरा पुढे, पक्षी बघायला गेलो होतो. वाळूत जाळं सांधत बसलेले एक काका आमच्या दुर्बिणी बघून म्हणाले, "आज भांग हाय, पानी जास्ती सुकनार नाय." एकाला वाटलं काकांनीच सकाळी सकाळी घेतलीये. परत येताना मैत्रिणीने विचारलं, हा भांग म्हणजे नक्की काय आणि समुद्र सुकतो कसा, तर त्याचं हे उत्तर, गाडीत धड देता आलं नाही म्हणून.

प्यायच्या भांगेशी काही संबंध नाही, ती भांग बाई आणि हा भांग बुवा. अष्टमीच्या आसपास चंद्र आणि सूर्य पृथ्वीपासून काटकोनात येतात, एकाची ओढ दुसरा कमी करतो, मग भरती फार चढत नाही आणि ओहोटीला पाणी फार मागेही जात नाही. तो भांग. अमावास्या-पौर्णिमेला उलट, ते उधाण. शाळेत भूगोलात 'भांगाची भरती' पाठ केली होती की आपण, पेपर झाला आणि विसरलो! आणि सुकणं म्हणजे ओसरणं, ओहोटीला किनाऱ्यावर सुकती म्हणतात.

मला गंमत वाटते ती या जोडीची. उधाण गावात आलं, उत्साहाला उधाण, चर्चांना उधाण, पेपरवाल्यांचं तर त्याशिवाय पान हलत नाही. भांग मात्र किनाऱ्यावरच राहिला, 'उत्साहाला भांग लागला' असं कोणी म्हणत नाही, खरंतर म्हणायला हरकत नव्हती, आमच्या उत्साहाला तसाच लागला होता.

कारण काका बरोबर होते. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते, आठाचे सहा, म्हणजे सहाला भरती आणि बाराला पूर्ण ओहोटी, त्या हिशोबाने आम्ही चिखल उघडा पडून पक्षी खायला उतरायची वाट बघत उन्हात भाजत बसलो आणि उघडी पडली एक चिंचोळी पट्टी. बरेचसे पाहुणे पक्षी उत्तरेला गेलेलेच, मागे राहिलेले थोडे चिखल्या तेवढे होते, तुरुतुरु पळायचं, ब्रेक मारल्यासारखं थांबायचं, वाकून एक टोच, की परत पळ. आणि दोन समुद्र बगळे, एक पाटीसारखा काळसर, एक पांढरा, जात एकच पण त्यावरून अर्धा तास भांडण.

आता अमावास्येचं उधाण गाठायचं म्हणताहेत सगळे. पंधराची पाऊणपट सव्वाअकरा, म्हणजे सुकती पहाटे पाचच्या सुमारास, पुण्याहून रात्री दीडला निघावं लागेल. गाडी कोण चालवणार ते अजून ठरलेलं नाही.