मुलीच्या कॉलेजचे पैसे थांबवून रूकवुडची फुलदाणी घ्यावी का?

प्रश्न अमेरिकेतल्या ओहायो राज्यातल्या सिनसिनाटीहून आलाय. तिथल्याच रूकवुड या जुन्या कुंभारकामाच्या कारखान्याची १९१२ची फुलदाणी, व्हेलम म्हणजे मंद, धुरकट झिलईखाली धुक्यातली झाडं. लिलावात कमिशनसकट ३,००० डॉलरला पडेल असा अंदाज. मुलीच्या ५२९ खात्यातली (शिक्षणासाठी करसवलतीचं बचत खातं) दरमहा ३०० डॉलरची भर दहा महिने थांबवून ती ‘गुंतवणूक’ म्हणून घ्यावी का?

गुंतवणूक म्हणून नको. खरेदीदाराचं कमिशन २५ टक्के धरलं, तर ३,००० भरता तेव्हा बोली २,४००ची असते. त्याच भावाला परत विकली आणि विक्रीवर २० टक्के कापले गेले, की हातात १,९२०. तुमचे ३,००० सुटायला बोली ३,७५०वर जावी लागेल. भाव वर्षाला ५ टक्क्यांनी वाढला तरी नुसती मुद्दल निघायला नऊ वर्षांहून जास्त. पुढे नफा झालाच तर अशा संग्राह्य वस्तूंवर दीर्घ मुदतीचा फेडरल कर २८ टक्क्यांपर्यंत जातो, शेअरवर तो २०पर्यंत. हौसेने घरात ठेवलेल्या वस्तूतला तोटा मात्र वजा मिळत नाही! उलट ५२९मधल्या भरीवर ओहायोत वर्षाला ४,००० डॉलरपर्यंत राज्याच्या करात वजावट आहे. ती भर चालूच ठेवा.

हौस असेल तर सहलीच्या पैशातून घ्या, पण आधी बूड पाहा. तिथे रूकवुडची खूण असते: इंग्रजी R पाठमोरा, P ला चिकटलेला, भोवती १४ ज्वाला, खाली रोमन बारा: म्हणजे १९१२. (१९००पर्यंत दरवर्षी एक ज्वाला वाढली, पुढे रोमन आकडे आले.) चित्रकाराची आद्याक्षरं हवीत, हाताने रंगवलेल्या नगाचा भाव साच्यातल्या बिनसहीच्या नगाहून फार वर असतो. चाकावर घासून कोरलेली फुली दिसली तर कारखान्यानेच तो नग दुय्यम ठरवलेला. बुडाला भोक असेल तर फुलदाणीचा कधीतरी दिवा झाला होता, भाव पडलाच.

नखाने टिचकी मारा. मडक्यासारखीच गोष्ट: बद्द वाजली तर कुठेतरी तडा आहे. झिलईतलं केसासारखं जाळं वेगळं. माती आणि झिलई थंड होताना कमीजास्त आकसतात, म्हणून ते पडतं. तडा नव्हे तो, पण जाळं नसलेला नग जास्त भाव खातो. काठावर अतिनील टॉर्च मारा, नंतर भरलेला टवका वेगळा चमकतो.

घराच्या विम्यात वेगळी नोंद करून घ्या, साध्या पॉलिसीत हातून फुटलेलं बहुधा धरत नाहीत. आणि कमिशनसकट ३,०००च खर्चायचे असतील तर तुमची शेवटची बोली २,४००, विक्रीकर त्यावर वेगळा.