कुंदेराची कादंबरी आधी वाचावी की तिच्यावरचा सिनेमा आधी पाहावा?

भुसावळच्या तुमच्या वाचनगटातले निम्मे जण मिलान कुंदेरा या चेक लेखकाच्या ‘द अनबेअरेबल लाइटनेस ऑफ बीइंग’च्या पहिल्या काही पानांतच अडकलेत, म्हणून आधी सिनेमा दाखवावा का, असं तुम्ही विचारलंय. माझं मत, नको. आधी पुस्तकच.

अडकायची जागा ठरलेली आहे. पहिली दोन छोटी प्रकरणं नीत्शे या जर्मन तत्त्वज्ञाच्या विचारावर आहेत. सगळं पुन्हा पुन्हा तसंच घडणार असेल तर प्रत्येक गोष्टीला वजन येतं, एकदाच घडून संपणार असेल तर ती हलकी. एवढं धरून पुढे चला. तिसऱ्या प्रकरणात नायक तोमाश खिडकीशी उभा राहून समोरच्या भिंतीकडे बघतोय, नुकतीच ओळख झालेल्या तेरेझाला कायमचं बोलवावं की नाही, हे त्याला ठरवता येत नाही. दोन्ही आयुष्यं जगून बघायची सोय नाही. वजनाची चर्चा कशासाठी होती, ते इथे आपोआप उलगडतं.

आता पुस्तक आधी का, ते सांगतो. सात भागांपैकी तिसऱ्यातच तोमाशची चित्रकार मैत्रीण साबिना हिला पॅरिसमध्ये पत्र येतं, की तोमाश आणि तेरेझा ट्रकच्या अपघातात गेले. म्हणजे पुस्तक अर्ध्यावर असतानाच शेवट हातात! पुढचे चार भाग आपण ती दोघं जाणार हे माहीत असताना वाचतो. मग खेड्यातलं त्यांचं साधं बोलणंसुद्धा जड होतं. सिनेमात (1988, दिग्दर्शक फिलिप कॉफमन, लांबी 2 तास 51 मिनिटं) हे पत्र अगदी शेवटी येतं आणि त्यानंतर ट्रकचा तो शेवटचा प्रवास दिसतो. युक्ती सुंदर आहे, पण परिणाम काही मिनिटांचा. शिवाय गोष्ट थांबवून मधेच बोलणारा लेखक सिनेमात नाही, तोमाशचा मुलगाही नाही. उरते ती प्रेमकथा. कुंदेराला सिनेमा आवडला नाही आणि पुढे त्याने आपल्या पुस्तकांवर सिनेमे करू दिले नाहीत.

एका बाबतीत मात्र सिनेमा वरचढ आहे. ऑगस्ट 1968 मध्ये चेकोस्लोव्हाकियाच्या राजधानीत, प्रागमध्ये, सोव्हिएत रणगाडे घुसतात, तिथे त्या वेळच्या खऱ्या चित्रफितींमध्ये नव्याने घेतलेली दृश्यं अशी मिसळलीत की सांधा सापडत नाही. तेवढा तुकडा दोनदा बघा.

सहाव्या भागातलं ‘किच’ अवघड वाटलं तर पोळा आठवा. शिंगं रंगवलेला, झूल घातलेला बैल बघून डोळे भरतात, ते पहिलं पाणी. ‘आपल्या सगळ्यांचे डोळे भरले, किती छान!’ म्हणून येतं ते दुसरं. कुंदेराच्या लेखी किच म्हणजे हे दुसरं पाणी. त्यात शेणाला जागा नसते, आणि त्याचा मुद्दा नेमका तोच आहे.

आठवड्याला एक भाग ठेवा, आठव्या आठवड्यात सिनेमा. नग्न दृश्यं बरीच आहेत, वाचनालयात दाखवणार असाल तर फक्त प्रौढांसाठी असं आधीच कळवा.

सातवा भाग घाईत उरकू नका. करेनिन ही तोमाश-तेरेझाची कुत्री, पण नाव पुरुषाचं, ॲना करेनिनाच्या नवऱ्याचं, कारण तेरेझा पहिल्यांदा तोमाशकडे आली तेव्हा तिच्या हातात तॉलस्तॉयचं ते पुस्तक होतं. करेनिनला कॅन्सर होतो. तिच्याशी असलेलं प्रेम तोमाशवरच्या प्रेमापेक्षा चांगलं आहे, कारण त्यात ‘तुझं माझ्यावर प्रेम आहे का’ हे कधी विचारावंच लागत नाही, असं तेरेझाला वाटतं. गटात ज्यांच्या गोठ्यातलं म्हातारं जनावर गेलं असेल, त्या दिवशी आधी त्यांना बोलू द्या.